एकोणिसावा गडी

आमच्या यालबुलमध्ये 'गेम' हा एकच शब्द चार जागी वापरतात. शनिवारचा फुटबॉलचा सामना म्हणजे गेम. मार्चमध्ये लोक बंदुका घेऊन तळ्यावर जातात, तिथली बदकंही गेम. ज्याच्या अंगात धमक आहे, जो मागे सरत नाही, तो माणूसही गेम. आणि ज्याच्यावर कुणीही हात टाकला तरी कुणी विचारायला येत नाही, तोसुद्धा गेमच. माझ्या नवऱ्याला, लिंडनला, या चारांतलं एकही चुकलं नाही. तो सात वर्षांचा असताना शाळेतल्या पोरांनी त्याला गव्हाच्या उंच कोठीच्या शिडीवर चढवलं होतं. जबरदस्ती नाही केली. "गेम आहेस का?" एवढंच विचारलं. चढला, आणि मग उतरता येईना. त्याच्या बापाने, मर्विनने, वर जाऊन त्याला खांद्यावरून खाली आणलं आणि महिनाभर गावाला सांगत सुटला की माझं पोर गेम आहे. ओरडायचं सोडून असं कौतुक केल्यावर पोर काय शिकणार?

मी नरेल. मीही इथलीच, माझा बाप इथल्या बेकरीत पाव भाजायचा. या गावात त्या प्रश्नाला कुणी 'नाही' म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. नाही म्हणायला बंदी आहे असं नाही. पण तसा रिवाजच नाही.

लिंडन अडतिसाचा. बापाबरोबर गव्हाची शेती करतो आणि शनिवारी यालबुलकडून खेळतो. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या डोक्याला पहिला मार बसला. तेव्हा दिवसभर तो आमच्या मुलीला आपल्या मेलेल्या आईच्या नावाने हाका मारत होता, आणि पोरगी बिचारी ओ देत होती. मग दुसरा बसला, मग तिसरा. आता तो मेंढ्यांचं फाटक लावायला विसरतो. उजेड सोसत नाही म्हणून दुपारी शेडमध्ये दार लोटून बसतो. मी बोलायला गेले तर आधी खेकसतो, मग माफी मागतो. मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीण त्याला माझ्यादेखत म्हणाली, आणखी एक फटका बसला तर मागे काय शिल्लक राहील ते मी सांगू शकत नाही.  पुढच्या शनिवारी तो बूट बांधून तयार.

गावाला हे माहीत नव्हतं असं समजू नका. सगळ्यांना माहीत होतं, मर्विनला तर सगळ्यांत आधी. पण माणसंच उरली नव्हती. दुष्काळात शेतं विकली गेली, एकेक शेत दुसऱ्याने गिळलं, तरणी पोरं कुणी शहरात गेली, कुणी खाणींवर. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही धरतात आणि मैदानावर एका संघाचे अठरा गडी लागतात. गुरुवारी संध्याकाळी सराव संपला की क्लबच्या खोलीत संघ निवडायचा, सतरा नावं व्हायची आणि सगळ्यांच्या नजरा लिंडनकडे वळायच्या.  मर्विन क्लबचा अध्यक्ष. तो फक्त पोराच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "काय रे, गेम आहेस ना?" लिंडन मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर कुणाच्या तरी घरून भाजलेलं मटण यायचं, वर केक. कुणी दमदाटी केली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण मटण आणून देणाऱ्या बाईशी काय भांडायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता सगळा.

एकदा मी लिंडनला सरळ म्हटलं की बापाला सांगून टाक, बास झालं. तो बुटांच्या नाड्या सोडवत बसला होता.

"अठरा होत नाहीत गं," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं की क्लब मी बुडवला असं होईल."

"आणि तू बुडालास म्हणजे?"

"मी एकटा बुडेन ना. क्लब गेला तर सगळेच."

 क्लब म्हणजे काही सोन्याची लंका नव्हती. पत्र्याची खोली, गळका नळ आणि भिंतीवर मेलेल्या माणसांचे फोटो. पण शाळा गेली, बँक गेली, आमची बेकरी कशीबशी आहे. शनिवारी दुपारी लोक ओव्हलभोवती, म्हणजे मैदानाभोवती, रिंगण करून गाड्या लावतात, काच वर करून आत थर्मासमधला चहा पितात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. गावात अजून माणसं आहेत हे तेव्हाच कळतं. मलासुद्धा ते हॉर्न आवडतात, खोटं कशाला बोलू?

या वर्षी लीगने बजावून ठेवलं होतं की मोसमात एक तरी सामना जिंका, नाहीतर पुढच्या वर्षी शेजारच्या कर्राडॉकमध्ये विलीन व्हा. आम्ही एकामागून एक हरत गेलो. शेवटचा सामना उरला, तोही आमच्याच मैदानावर आणि कर्राडॉकशीच. तोवर आमचे तिघे जायबंदी होऊन घरी बसले होते, म्हणून मर्विन आठवडाभर घरोघर फिरला. नवा पोलीस तयार झाला, बेकरीवाला टोनिनो पोट सांभाळत तयार झाला, पंधरा वर्षांत चेंडूला पाय न लावलेले दोघे जण तयार झाले. शुक्रवारी तो आमच्या स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"अठरा झाले, नरेल, लिंडनला सोडून अठरा," तो म्हणाला. "तो नुसता बाकावर बसेल. लिंबूटिंबू म्हणून. एखाद्याचा पाय मुरगळला तर नाव असावं, एवढंच."

मी लिंडनकडे पाहिलं. तो भांडी पुसत होता आणि पुसतच राहिला. मी म्हटलं, फक्त बाकावर. मर्विनने छातीवर हात ठेवून शब्द दिला. त्या क्षणी तो अगदी मनापासून बोलत होता. मर्विनची अडचणच ती आहे, तो कधी खोटं बोलत नाही.

सामन्याचे चार भाग असतात, त्यांची वेळ राखायचं काम माझं. प्रत्येक क्लबचा एक माणूस असतो आणि दोघांनी खांबांवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये शेजारी बसायचं, दोघांची दोन घड्याळं. भोंग्याचं बटण यजमानांच्या हाताशी. कर्राडॉकची थेल्मा साठीच्या पुढची, सामनाभर विणत बसते आणि तरी तिच्या नजरेतून काही सुटत नाही. वर्षातून दोनदा आम्ही एकमेकींचा चहा पितो आणि एकमेकींच्या गावांना नावं ठेवतो. त्या दिवशी वारा इतका बोचरा होता की आम्ही गुडघ्यांवर एकच ब्लँकेट घेतलं होतं.

दुसऱ्या भागात टोनिनोच्या पोटरीत गोळा आला. लिंडनने अंगातला कोट काढला आणि तो आत गेला. पाचच मिनिटं, टोनिनोची पोटरी चोळून होईपर्यंत, असं ठरलं असणार. तिसऱ्या मिनिटाला दोघं चेंडूसाठी उडाले, कर्राडॉकच्या पोराचं कोपर लिंडनच्या कानशिलावर बसलं आणि तो खाली आला तो हात न टेकता. मी उठले. थेल्माने माझं मनगट धरलं. भाग संपेपर्यंत केबिन सोडता येत नाही. मी उभ्याउभ्या पाहत राहिले, दोघांनी त्याला धरून बाहेर आणलं, बाकावर बसवलं, खांद्यावर कोट टाकला. टोनिनो लंगडत परत आत गेला.

मध्यंतराला मी धावत खाली गेले. प्रथमोपचारवाली म्हणाली, आजचा खेळ संपला याचा, सामना झाला की इस्पितळात ने. मी म्हटलं, आत्ताच नेते. मर्विन मध्ये आला. वेळ राखायला दुसरं कोण आहे, तो विचारू लागला, आणि खरंच कुणी नव्हतं. सगळे मैदानात तरी होते नाहीतर सूप वाढत होते. लिंडनने मला ओळखलं. माझा हात थोपटून म्हणाला, "जा तू. भोंगा तुझ्याकडे आहे." मी गेले. थोबाडीत मारावीशी वाटते स्वतःला, पण गेले.

आणि आम्ही जिंकत होतो. तिसरा भाग संपला तेव्हा तीन गोलांनी पुढे. गाड्यांचे हॉर्न थांबेनात. थेल्माने विणकामावरून नजर न उचलता शिव्या घातल्या. चौथ्या भागाचा भोंगा मी वाजवला, घोळका फुटला, गडी आपापल्या जागी पांगले. मी सवयीने बाकाकडे पाहिलं. बाकावर कोट होता, लिंडन नव्हता.

आधी वाटलं, ओकायला गेला असेल. मग तो दिसला. कर्राडॉकच्या गोलासमोर, पुढच्या फळीत उभा होता. विशीत असताना तो तिथे खेळायचा. गेली कित्येक वर्षं तो मागे खेळतो. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. भोंगा वाजला आणि पाय निघाले, बस. आपल्याला बाहेर काढलंय हे त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. आमची एकूण माणसं एकोणीस, बाक रिकामं, म्हणजे एकोणीसच्या एकोणीस आत. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एवढ्या मोठ्या मैदानात माणसं मोजत कोण बसतो?

मी मर्विनला फोन लावला. तो बाकाशेजारीच उभा होता. वरून मला त्याची टोपी दिसत होती.

"लिंडन आत गेलाय," मी हळू आवाजात म्हटलं.

"दिसतोय मला."

"मग बाहेर बोलवा त्याला."

"कसा बोलवू?" तो म्हणाला. "एक माणूस बाहेर येतो आणि त्याच्या जागी कुणी आत जात नाही, हे दिसलं की अंपायर मोजेल. आपले सगळे गोल जातील, नरेल. कोपऱ्यात उभा आहे तो, राहू दे. संपेल आता."

"मर्विन, त्याला कळत नाहीये तो कुठे आहे."

"मी नजर ठेवून आहे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

नियम असा आहे की कुठल्याही संघाचा कॅप्टन मोजणी मागू शकतो. मग खेळ थांबतो, दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध रांगेत उभे राहतात, अंपायर माणसं मोजतो. अठराच्या वर निघाले तर त्या क्षणापर्यंतचे सगळे गुण पुसले जातात. माझ्या आयुष्यात मी अशी मोजणी पाहिली नव्हती. आजोबा-पणजोबांच्या गोष्टींत ऐकली होती. आता आत राहावं तर फटका, बाहेर यावं तर क्लब बुडाला, असा माझा नवरा त्या हिरवळीवर अडकला होता आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. भोंग्याचं बटण माझ्या बोटाखाली होतं. वेळेआधीच दाबावं असंही मनात आलं. पण शेजारी थेल्माचं घड्याळ चालू होतं.

तेवढ्यात चेंडू त्याच्याकडे आला. त्याने तो छातीवर घेतला, वळला आणि मारला, सरळ खांबांच्या मधून. सगळ्या गाड्या एकदम वाजल्या. मर्विनने टोपी काढून हवेत फिरवली. लिंडनने आवाजाकडे पाहिलंही नाही. कुंपणाला धरून वाकला, ओकला, बाहीने तोंड पुसलं आणि परत आपल्या जागी येऊन उभा राहिला, पण तोंड भलत्याच दिशेला. चेंडू मैदानाच्या मधून परत त्याच्याचकडे निघाला होता आणि कर्राडॉकची दोन दांडगी पोरं त्यामागे धावत होती.

"थेल्मा," मी म्हटलं, "तुमच्या कॅप्टनला मोजणी मागायला सांगा."

तिच्या सुया थांबल्या. "काय म्हणालीस?"

"आमचे एकोणीस आहेत."

तिने मैदानाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नरेल, तुमचे सगळे गोल जातील. क्लब जाईल तुमचा. असं जिंकायची मलासुद्धा हौस नाही, रडीचा डाव म्हणतील लोक."

"म्हणू देत. लवकर करा."

 तिने फोन उचलला, तीन शब्द बोलली. त्यांचा निरोप्या मैदानात धावला आणि त्यांच्या कॅप्टनने हात वर केला. अंपायरची शिटी वाजली. लिंडनपासून ती दोन पोरं जेमतेम चार पावलांवर होती, ती धापा टाकत थांबली. मी घड्याळ थांबवलं.

दोन रांगा उभ्या राहिल्या. अंपायर प्रत्येकाच्या छातीकडे बोट दाखवत चालत गेला, शेवटाला थांबला, परत पहिल्यापासून मोजू लागला. आमच्या रांगेत तोवर माणसं आपसांत मोजू लागली होती आणि एकेकाची मान खाली जात होती. फक्त लिंडन ताठ उभा होता, शाळेतल्या हजेरीला उभं राहावं तसा. मग फलकावरचा म्हातारा काठीच्या आकड्याने आमच्या गुणांच्या पत्र्याच्या पाट्या काढू लागला. पाट्यांचा आवाज केबिनपर्यंत ऐकू येत होता, इतकी शांतता. सामना हरलो हे वेगळं सांगायला नको.

लिंडनला गाडीत घालून मी इस्पितळाच्या रस्त्याला लागले. तासाभराची वाट. सूर्य कलला होता, दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं, आणि तो डोळ्यांवर टॉवेल घेऊन बसला होता.

"जिंकलो का?" त्याने विचारलं.

"नाही रे, हरलो."

तो 'अच्छा' म्हणाला आणि काही वेळाने त्याच आवाजात परत विचारलं, जिंकलो का. परत सांगितलं. परत विचारलं. दर वेळी तो नव्याने ऐकत होता आणि दर वेळी त्याचा ऊर भरून येत होता, आणि मला कळत नव्हतं की ते दुःख आहे की दुसरंच काही. चौथ्या की पाचव्या वेळी मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "हो, जिंकलो. आणि तू गोल मारलास."

मला वाटलं होतं तो हसेल. त्याने टॉवेल खाली घेतला आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला.

"म्हणजे क्लब राहिला," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे पुढच्या वर्षी परत आहेच."

त्याच्या आवाजात इतका थकवा होता की मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं आणि त्याच्याकडे वळून सगळं सांगून टाकलं. हरलो. तू एकोणिसावा होतास. तुझ्या बापाला माहीत होतं. मी थेल्माला सांगितलं, मी मोजायला लावलं, मी क्लब बुडवला. तो माझ्याकडे पाहत होता, पण त्याच्या डोळ्यांत माझं बोलणं कुठे पोहोचतंय असं दिसेना. मला वाटलं, पाच मिनिटांत हेही विसरेल, आणि घाबरतच मी गाडी चालू केली. पुढे इस्पितळ येईपर्यंत त्याने एकदाही विचारलं नाही.

तिथे त्यांनी त्याचं डोकं तपासलं, रक्तस्राव नाही म्हणाले, पण आयुष्यात पुन्हा मैदान नाही. आठवडाभर ठेवून घरी पाठवलं. त्या आठवड्यात माझ्या ओट्यावर मटण आलं नाही. दुकानात बायका माझ्याकडे पाहून किटल्यांच्या किमती वाचत उभ्या राहायच्या. थेल्माने काही सांगितलं नव्हतं, पण मर्विनला मी फोन केला होता, आणि एवढ्याशा गावात दोन आणि दोन जुळवायला शाळा लागत नाही.

लिंडन घरी आला त्याच सकाळी मर्विन आला. टोपी हातात, दाढी वाढलेली. आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता, आणि मला त्याची दया आली याचाच राग आला. चहा नको म्हणाला. पोराला विचारलं, त्या दिवसाचं काय आठवतं तुला?

"काहीच नाही," लिंडन म्हणाला. "सकाळी जर्सी घातली, तिथपर्यंत आठवतं."

"बरं आहे मग," मर्विन माझ्याकडे न पाहता म्हणाला. "नाहीतर तुला कळलं असतं की घरच्या माणसाने काय केलं."

मी हातातला कप खाली ठेवला. म्हटलं, आता बोलायचंच. पण लिंडनने टेबलावरून माझ्या हातावर हात ठेवला.

"ते आठवतं," तो म्हणाला. "गाडीत सांगितलं तिने. तेवढं एकच राहिलंय डोक्यात. आणि ऐकलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, बाबा. मला खेळायचं नव्हतं. तीन वर्षं झाली, मला नव्हतंच खेळायचं."

मर्विन टोपीची कड बोटांत फिरवत बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं न कळणं होतं.

"मग नाही म्हणायचं ना, बाळा," तो म्हणाला. "कोण आडवं आलं असतं?"

तो खरंच विचारत होता.